गुरुवार धरून बत्तीस टक्के

कीर्तनाला उभं राहिलेला माणूस आधी देवाला हात जोडतो, मग श्रोत्यांना, आणि मगच तोंड उघडतो. मला हा क्रम फार आवडतो. बाकी जगात लोक कुठूनही सुरू होतात आणि कुठेही थांबतात. तेव्हा आधी आमच्या गल्लीतल्या दत्तमहाराजांना, मग आपल्याला नमस्कार करून सांगतो की मला फक्त एक कागद आणायचा होता. तो आणण्यात ज्येष्ठापासून आश्विनापर्यंतचे दिवस गेले, आईचं वजन चार किलो उतरलं, आणि कसबा पेठेत माझ्या टक्क्यांची चर्चा दहावीच्या निकालासारखी झाली.

मी वर्षातले सात महिने जर्मनीत, लाइपझिगला असतो आणि पाच महिने इथे. पुस्तकाच्या शेवटी सूची असते, अमुक शब्द अमुक पानावर, ती करून देणं हा माझा धंदा. जर्मन प्रकाशक पुस्तक पाठवतात, मी सूची पाठवतो. कुणाचा नोकर नाही, ठरलेला साहेब नाही. याला तिकडे फ्रीलान्सर म्हणतात. पेठेत 'तो घरीच असतो' असं म्हणतात.

चौतिसाव्या वर्षी तिकडच्या एका डॉक्टरीणबाईंनी तीन दिवस प्रश्न विचारून मला ऑटिझम असल्याचं सांगितलं. त्याआधी पेठेने माझी शिष्ट, तिरसट, आईच्या पदराखालचा आणि 'हुशार आहे पण' अशी चार निदानं केलेली होती. मराठीत यासाठी स्वमग्न असा शब्द आहे. ज्यांनी तो केला त्यांना माझा दंडवत, पण अनुभव उलटा आहे. मला स्वतःत मग्न व्हायला मिळतच नाही. पंखा कुरकुरत असतो, शेजारणीच्या कुकरची शिट्टी अर्धीच होऊन थांबते, समोरच्याच्या शर्टाचं एक बटण वेगळ्या दोऱ्याने शिवलेलं असतं. मी सगळा वेळ त्यात.

लाइपझिगच्या माझ्या खोलीत यातलं काही नाही. माझे तिथले शेजारी सहा वर्षांत माझ्याशी एकूण बारा वाक्यं बोलले. पुण्यात विमानतळावरून आलो की पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत बारा होतात, आणि त्यातली तीन माझ्या पोटाबद्दल असतात. तरी मी दर वर्षी येतो. इथे आई आहे, आणि गुरुवारचं कीर्तन आहे. मी तिथे असलो की इथल्या टाळांची आठवण येते आणि इथे असलो की तिथल्या शांततेची. यावर उपाय नाही, हे मी तपासून पाहिलं आहे.

तर या वर्षी तिकडच्या कचेरीचं पत्र आलं. माझी राहायची परवानगी ३१ ऑक्टोबरला संपत होती. ती वाढवायची तर समोर बसून मुलाखत द्यायची. मागच्या खेपेस अशीच मुलाखत झाली होती. तीन अधिकारी, डोक्यावर फडफडणारी ट्यूबलाइट, आणि तिघांपैकी एकाच्या हातात टकटक वाजणारं पेन. माझे शब्द गेले. असं कधी कधी होतं. टाकीत पाणी असतं, पण तोटी फिरत नाही. त्यांनी 'सहकार्य करत नाहीत' असं लिहिलं आणि कशीबशी दोन वर्षं दिली. आता पत्रात म्हटलं होतं की ज्यांना अशी मुलाखत जमत नाही त्यांना ती लेखी देता येईल. मात्र तिकडच्या डॉक्टरीणबाईंचा कागद पुरणार नव्हता, आपल्या देशाच्या सरकारने तसं प्रमाणपत्र दिलेलं हवं.

लेखी! मला लेखी विचारा, मी आपल्याला माझ्या जन्माआधीचंही सांगेन.

आई शहात्तर वर्षांची आहे. तिचं नाव सुहासिनी, आणि नावात हसणं असलं तरी ती ते जपून वापरते. तिने पत्र दोनदा वाचलं आणि एवढंच म्हणाली, "तू तिथे एकटा राहतोस, आपला भात आपण लावतोस, बिलं भरतोस. एवढ्या एका गोष्टीवर मला झोप लागते, शंभू. ती गेली तर मी मरायला मोकळी नाही." आमच्या घरात भावना अशाच, कचेरीला कळवल्यासारख्या व्यक्त होतात.

कागद आणायचा ठरला, आणि मी एक चूक केली. जिन्यात हिंदुरावकाका भेटले तेव्हा त्यांनी विचारलं, काय चाललंय, आणि मी सांगितलं.

हिंदुरावकाका मूळचे हडपसरच्या पलीकडचे. गाव शहरात आलं, जमीन बिल्डरकडे गेली आणि काका आमच्या वरच्या मजल्यावर आले. तहसील कचेरीत छत्तीस वर्षं काढल्यामुळे कोणताही सरकारी कागद त्यांना नातेवाइकासारखा वाटतो. त्यांनी त्याच दिवशी माझा अर्ज आपल्या हातात घेतला. अर्ज संगणकावर भरायचा होता. 'ऑटिझम' या रकान्यावर बोट ठेवलं की संगणक पालकाची सही मागायचा. अर्जदार अठराच्या वरचा असू शकतो, हे त्याच्या कल्पनेतच नव्हतं. एकेचाळीस वर्षांच्या मुलाची पालक म्हणून आईने सही केली. सही करताना ती म्हणाली की प्रगतिपुस्तकावर शेवटची केली होती तेव्हा अक्षर बरं होतं.

मग फोटो. अर्जासोबतच्या सूचनेत 'अपंगत्व दिसेल असा फोटो जोडावा' असं होतं. कोपऱ्यावर चांदभाईंचा फोटो स्टुडिओ आहे; माझा पहिलीपासूनचा प्रत्येक फोटो त्यांनी काढला आहे. त्यांनी सूचना वाचली, मला समोरून पाहिलं, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"शंभूभाऊ, कुठून घेऊ?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "ते सगळीकडे आहे."

चांदभाई सज्जन माणूस. त्यांनी फ्लॅश लावून पाहिला, मी दचकून दोन्ही कानांवर हात ठेवले. फ्लॅशला आवाज नसतो हे मला माहीत आहे. माझ्या हातांना माहीत नाही. तेवढ्यात त्यांनी फोटो काढला आणि समाधानाने म्हणाले, आलं बघा. तो फोटो मात्र संगणकाने नाकारला. चेहऱ्याजवळ हात चालणार नाहीत. दुसरा फोटो नाकारला, डोळे मिटलेले होते. तिसरा पास झाला. त्यात मी एखाद्या सहकारी बँकेच्या निवडणुकीला उभा असल्यासारखा दिसत होतो. पोचवायला चांदभाईंच्या पत्नी रझियाभाभी दारापर्यंत आल्या आणि सल्ला देऊन गेल्या की डॉक्टरकडे उपाशी जा, चेहरा उतरलेला बरा दिसतो.

हिंदुरावकाकांचा सल्ला याहून सविस्तर होता. "आरं, सरकारी डॉक्टरम्होरं माणूस जसा हाय तसा जात नसतो," असं म्हणून त्यांनी आमच्या बैठकीच्या खोलीत तालीम सुरू केली. स्वतः डॉक्टर झाले. मी आत यायचं, त्यांच्याकडे बघायचं नाही, हात हलवत राहायचं, नाव विचारलं तर तिसऱ्यांदा सांगायचं.

आता मजा बघा. मी चार वर्षांचा असल्यापासून आईने माझ्याकडून याच्या बरोबर उलट तालीम करून घेतली होती. डोळ्यांत बघवत नसेल तर भुवयांच्या मध्ये, जिथे गंध लावतात तिथे बघ. हात मागे धर. कुणी 'काय म्हणतोस' विचारलं तर 'मजेत' म्हण, आपण शेवटचं काय म्हणालो ते आठवत बसू नकोस. सदतीस वर्षं त्या माउलीने विटेवर वीट रचून एक चारचौघांसारखा माणूस बांधला, आणि आता हिंदुरावकाका म्हणत होते, वहिनी, पाडा. तालीम चालू असताना ती स्वयंपाकघरात गेली आणि चिरलेली भाजी पुन्हा चिरू लागली.

मी तालमीत नापास झालो. मला मी असल्याचं सोंग जमेना.

ऑगस्टमध्ये तपासणीची तारीख आली. रुग्णालय सरकारी, नाव सांगत नाही, कारण बिचाऱ्यांचा दोष नाही. दुर्दैव असं की त्या दिवशी तिथली वीज गेलेली होती. पंखे बंद, ट्यूब बंद, सूचना ओरडणारा भोंगा बंद. खिडकीतून मंद उजेड येत होता. मी वर्षभरात इतका स्वस्थ नव्हतो. आत गेलो, नमस्कार केला, डॉक्टरसाहेबांच्या भुवयांच्या मध्ये पाहिलं आणि "आपण जेवलात का?" असंही विचारलं. हे आईने पाहुण्यांसाठी शिकवलेलं वाक्य, ते आपोआप निघालं.

डॉक्टरांनी विचारलं, मित्र आहेत का. मी व्याख्या मागितली. त्यांनी पेन टेकवलं; इथवर ठीक चाललं होतं, असं काका नंतर म्हणाले. मग त्यांनी विचारलं की चार माणसांत, समारंभाला वगैरे जाता का.

"दर गुरुवारी कीर्तनाला जातो," मी म्हटलं. "साधारण दोनशे माणसं असतात."

आणि मग कोपऱ्यात बंद संगणकासमोर बसलेल्या कारकून बाईंचा चेहरा उजळला. अपेक्षा त्यांचं नाव. त्या आमच्याच देवळामागे राहतात, हे मला माहीत नव्हतं, कारण कीर्तनात मी समोर बघतो. त्या म्हणाल्या, "हो हो, मी बघते ना यांना! किती रमतात. ठेका काय सुंदर धरतात." भल्या बाईंना वाटलं, माझी शिफारस होते आहे. मीही मग राहवेना म्हणून डॉक्टरांना पूर्वरंग आणि उत्तररंग यांतला फरक समजावून सांगितला. मध्यंतरात गजर का असतो, तेही सांगितलं.

कागदावर आलं: बत्तीस टक्के. सामाजिक सहभाग उत्तम. प्रमाणपत्राला चाळीस लागतात.

शाळेत पस्तीसला पास करत. म्हणजे कुठल्याही हिशेबाने मी अपंगत्वात नापास. दुसऱ्या दिवसापर्यंत ही बातमी पेठभर झाली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी रिचेकिंगला टाकायला सांगितलं. एकांनी जिन्यात थांबवून, आमचा भाचा दोन मार्कांनी असाच गेला होता, असं सांगून धीर दिला. अभिनंदन करायला एकही माणूस आला नाही, याचं मला जरा वाईट वाटलं. अडुसष्ट टक्के चांगला असलेल्या माणसाची कुणीतरी दखल घ्यायला हरकत नव्हती.

सहा आठवड्यांनी फेरतपासणी मिळाली. काकांनी निदान केलं: सगळा घोटाळा कीर्तनाने केला हाय. पुन्हा विचारलं तर सांगायचं, मी कुठं जात न्हाय.

मला प्रश्न पडला. मी खोटं बोलत नाही याचं श्रेय पेठ माझ्या भक्तीला देते. मी ते खोडत नाही. पण खरं कारण असं की मला ते येत नाही, जसं मला पोहता येत नाही. आई जेवायला वाढताना प्रत्येक घासाला विचारी, "गुरुवारी कुठे जातोस?" आणि मी म्हणे, "कीर्तनाला." दोन दिवसांत पन्नासेक वेळा तरी झालं असेल.

शेवटी मी तनुजाताईंना गाठलं. गुरुवारचं कीर्तन त्याच करतात. सकाळी शाळेत गणित शिकवतात आणि संध्याकाळी नारदाच्या गादीवर उभ्या राहतात. अशा कामासाठी खोटं बोललं तर चालेल का, असं मी विचारलं. मला वाटलं होतं, त्या एखादा दृष्टांत देतील. त्यांनी टाळांची पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली.

"तुमच्या जागी मी असते तर बोलले असते," त्या म्हणाल्या. "पण ते मला जमतं, शंभूराव. तुम्हाला जमणार नाही. आणि अर्धवट खोटं फार केविलवाणं दिसतं."

घरी येताना मला सुचलं. मला सुचतं ते बहुधा सूचीतून. एखादी नोंद पानाशी जुळत नसेल तर दोन मार्ग असतात: नोंद खोडायची, नाहीतर लेखकाला कळवून पान बदलून घ्यायचं. 'मी कीर्तनाला जात नाही' हे वाक्य खोटं होतं. मग ते खरं करायचं! सहा आठवडे जायचंच नाही, म्हणजे विचारल्यावर बिनदिक्कत सांगता येईल. पाप नाही, अडखळणं नाही. काकांना युक्ती फार आवडली. आईनेही मान डोलावली. त्या मान डोलावण्याबद्दल ती अजून स्वतःला बोल लावते.

आता कीर्तनात काय असतं ते आपण जाणताच, पण माझ्यापुरतं सांगतो. दोनशे माणसं असतात आणि सगळी एकाच दिशेला तोंड करून बसतात. कुणी कुणाशी बोलायचं नसतं. कधी हात जोडायचे, कधी टाळ्या द्यायच्या, कधी मोठ्याने नाम घ्यायचं, सगळं ठरलेलं. तुम्ही डुललात तर कुणी वळून बघत नाही, उलट शेजारचा जास्त डुलतो. घरी डुललो तर आजार, तिथे डुललो तर भाव. माणसांच्या इतक्या जवळ मी दुसरीकडे कुठे बसू शकत नाही. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस मी त्या दोन तासांवर वाळत घातलेले असतात, हे मला दोरी काढल्यावर कळलं.

देऊळ आमच्या खिडकीपासून चाळीस पावलांवर. पहिल्या गुरुवारी टाळ वाजले आणि मी कानांवर हेडफोन चढवले. आई म्हणाली, ऐकण्याला जाणं म्हणत नाहीत. मी म्हटलं, कीर्तनात ऐकणं हेच तर जाणं असतं. दुसऱ्या आठवड्यात झोप गेली. बागकामाच्या एका पुस्तकाच्या सूचीत मी गांडुळांना दोनशे चौदाव्या पानावर पाठवलं. पुस्तक दोनशे आठ पानांचं होतं. प्रकाशकांनी फार सभ्यपणे विचारलं की प्रकृती बरी आहे ना. मग दहीभाताशिवाय काही गिळेना, तेही एकाच वाटीतून. रस्त्यावरच्या हॉर्नने उलटी होऊ लागली, म्हणून खिडक्या लावल्या. खिडक्या लावल्यावर घड्याळ ऐकू येऊ लागलं, म्हणून आईने घड्याळातला सेल काढला. पाचव्या आठवड्यात तोटी बंद झाली. माझ्याकडून शब्द म्हणून येईना. आई चिठ्ठीवर विचारी, वरण करू? मी चिठ्ठीकडे बघत बसे.

या काळात हिंदुरावकाका एकदा चौकशीला आले. मी कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत बसलो होतो. ते खूश झाले. "वहिनी, पोरगं काय झकास तयारी करतंय! आसंच ऱ्हाऊ द्या," म्हणाले.

आईने आयुष्यात पहिल्यांदा एका शेजाऱ्याच्या तोंडावर दार लावलं.

फेरतपासणीच्या दिवशी वीज होती. त्याबद्दल मला फारसं आठवत नाही. एका स्टीलच्या कपाटाला कपाळ टेकलं होतं आणि ते थंड होतं, एवढं आठवतं. डॉक्टरांचे प्रश्न वरून कुठून तरी येत होते, उत्तरं आई देत होती. मग अपेक्षाताईंचा आवाज आला, अगदी हळू: "हे हल्ली देवळात दिसत नाहीत."

"सहा आठवडे आला नाही," आई म्हणाली.

ते खरं होतं. इतकं खर्च करून मी ते खरं केलं होतं, आणि बोलायची वेळ आली तेव्हा तेवढंही मला बोलता आलं नाही.

अडुसष्ट टक्के. कागदावर गोल शिक्का, दोन सह्या, आणि खाली डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलेला शेरा: 'एकटे राहण्यास असमर्थ. सतत सोबतीची आवश्यकता.' आईने रिक्षात तो कागद उघडला नाही. घरी येऊन उघडला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून पुन्हा वाचला. ज्या एका गोष्टीवर तिला झोप लागायची ती आता सरकारी शिक्क्यानिशी खोटी ठरली होती, आणि ती ठरवायला आम्ही दोघं स्वतः रिक्षा करून गेलो होतो.

त्या गुरुवारी तिने मला हाताला धरून देवळात नेलं. कुणी काही विचारलं नाही. कीर्तनाला आलेल्याला का आलास असं कुणी विचारत नाही. इतके दिवस का आला नाहीस हेही नाही, निदान आरती होईपर्यंत. पहिल्या गुरुवारी मी नुसता बसलो. दुसऱ्या गुरुवारी गजरात सगळ्यांचे आवाज चढले तेव्हा त्यात एक आवाज माझा होता, हे मला उशिराच कळलं. आईला आधी कळलं होतं.

बोलू लागल्यावर काका आले, दाराबाहेरच उभे राहिले आणि जमिनीकडे बघत म्हणाले की चुकलं. मग लगेच त्यांच्यातला कारकून जागा झाला. हा शेरा जर्मन लोकांनी वाचला तर एकट्याला परवानगी कशी देतील? त्यावर इलाज एकच, टक्के कमी करून मागायचे. असा अर्ज तालुक्याच्या इतिहासात झाला नसेल, पण ते मसुदा करून देतील. शिवाय बत्तीस आणि अडुसष्ट मिळून बरोबर शंभर होतात, याचं त्यांना कोण समाधान वाटत होतं.

मी अर्ज केला नाही. मी लाइपझिगच्या कचेरीला दोन्ही कागद पाठवले, भाषांतरासह, आणि सोबत पत्र जोडलं. लिहिलं की दोन्ही खरे आहेत. दोन्हींत एकच माणूस आहे आणि मध्ये सहा गुरुवार आहेत. गुरुवार धरला तर बत्तीस, सोडला तर अडुसष्ट. गुरुवारी काय असतं, ते मी दीड पानात सांगितलं.

हिंदुरावकाकांनी ऐकलं तेव्हा ते जिन्यातल्या पायरीवर बसले. "दोन्ही धाडलंस? आरं, सरकारी कागद एकमेकांना भेटू द्यायचे नसतात."

परवानगी मिळाली, एका वर्षाची. हे आधीच सांगून टाकतो. कीर्तनात शेवटी काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी माणसं बसतात. मला सांगायचं आहे ते त्याआधीचं.

कचेरीतल्या बाईंनी मुलाखत लेखी घेतली. सतरा प्रश्न, त्यातले सोळा सरळ. सतरावा त्यांनी स्वतः जोडलेला दिसत होता: आपण लाइपझिगमध्ये असता तेव्हा आपला गुरुवार कोणता?

सकाळची वेळ होती. मी जेवणाच्या टेबलावर बसून उत्तर लिहिलं, आणि आई पाठीमागे उभी राहून म्हणाली, मराठीत सांग. मला ते सांगायचं नव्हतं. सहा वर्षं सांगितलं नव्हतं. तिला वाटेल, इथल्या कीर्तनाच्या बदली मी तिथे दुसरं घेतलं.

सांगितलं. माझ्या खोलीजवळ एक चर्च आहे. शनिवारी दुपारी तिथे गातात आणि मध्ये पाद्रीबुवा थोडं बोलतात. लोक एकाच दिशेला तोंड करून बसतात. केव्हा उठायचं, केव्हा बसायचं, ठरलेलं असतं. मी तिथे जाऊन मनातल्या मनात दत्ताचं नाव घेतो. आजवर कुणाची हरकत आलेली नाही, दोन्हीकडून.

आई टेबलाला वळसा घालून समोर आली. मग म्हणाली, "कुणी ओळखतं का तिथे तुला?"

"एक बाई आहे. माझ्या जागेवर कोट ठेवून ती जागा धरते. मी गेलो की कोट उचलते."

"नाव काय तिचं?"

"विचारलं नाही."

"सहा वर्षांत?"

"तिनेही नाही विचारलं."

आईने खुर्ची ओढून घेतली आणि बसली. कीर्तनाला पिशवी ठेवून माणसाची जागा धरणं म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागत नाही. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत होतं. मग तिने विचारलं, "वय काय असेल?"

"तुझ्याहून मोठी. ऐंशीच्या पुढे."

"अरे देवा," ती म्हणाली. "म्हणजे आम्ही दोघी एकदमच जायच्या."

मी विचार केला. "एकदम जाण्याची शक्यता कमी आहे, आई. चार-पाच वर्षांचा फरक तरी आहे."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या घशातून एक आवाज आला. खांदे हलले, डोळ्यांना पदर गेला. असे आवाज मला ओळखता येत नाहीत, आणि ओळखता आले नाहीत तर विचारावं, हे तिनेच मला शिकवलं आहे. म्हणून विचारलं, "हसतेस का?"

"दोन्ही," ती पदराआडून म्हणाली. "तू लिही."